वावर विकण्याआधी त्या शाळेची संचमान्यता मागा

बाभूळगाव तालुक्यातल्या एका मुलीनं विचारलं आहे. डी.एल.एड. होऊन दोन वर्षं झाली, मुक्त विद्यापीठातून बी.ए.ही झालं. टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, पहिल्या पेपरात ७९ गुण पडले, ओबीसी असल्यामुळे ८३ लागत होते. घरी चार एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. आजोबांची आणखी शेती होती, ती बेंबळा धरणाच्या बुडितात गेली. आता जवळच्या एका संस्थेतली माणसं घरी येऊन बसली. शाळा वीस टक्के अनुदानावर आली आहे, सहावी ते आठवीला एक जागा आहे, अठरा लाख द्या, पोरीला चिकटवून घेतो म्हणाली. टीईटीचं मागून पाहू. वडील दोन एकर काढायला तयार आहेत. "सर, शिक्षकाची नोकरी खरंच उरली आहे का? पैसे द्यावे का? की सरळ बी.एड.ला प्रवेश घेऊ?"

मी यवतमाळ जिल्हा परिषदेत चौतीस वर्षं काढली. शेवटची नऊ वर्षं केंद्रप्रमुख होतो. निवृत्त झाल्यापासून आमच्या ओसरीवर पोरं येतात, अर्ज भरायला, कागद दाखवायला, नाहीतर नुसतीच काळजी करायला. तेव्हा जे सांगतो ते या पोरांचं पाहून सांगतो.

पैशाचं आधी, कारण तिथं घाई आहे. बेटा, देऊ नका. एक रुपया नाही, ॲडव्हान्स नाही, "नंतर उरलेले द्या" नाही. नीतिमत्तेचं प्रवचन मी देत नाही, ते तुझ्या वडिलांना माझ्याहून जास्त कळतं. सौदाच खोटा आहे म्हणून सांगतो.

खासगी अनुदानित शाळेत जागा कशी जन्माला येते ते पाहा. दरवर्षी शाळेच्या पटावरून शिक्षण विभाग संचमान्यता काढतो, म्हणजे या शाळेला किती शिक्षक मंजूर ते कागदावर येतं. त्यात पद रिकामं दिसलं तरी ते लगेच संस्थेच्या हातात येत नाही. आधी जिल्ह्यात दुसऱ्या शाळांतले अतिरिक्त ठरलेले शिक्षक असतील तर त्यांचं समायोजन. ते आटोपलं की बिंदुनामावली, म्हणजे ही जागा खुली, ओबीसी, एससी की एसटी, ते मागासवर्ग कक्षाकडून तपासून आणायचं. मग पवित्र पोर्टलवर, म्हणजे सरकारच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावर, जाहिरात. पोर्टल गुणांप्रमाणे उमेदवार पाठवतं, संस्थेनं त्यातूनच मुलाखत घेऊन एकाला घ्यायचं. त्यानंतर शिक्षणाधिकाऱ्याची वैयक्तिक मान्यता, मग उपसंचालकाकडून शालार्थ आयडी, म्हणजे सरकारी पगाराच्या यादीतला क्रमांक. हा आयडी मिळाला तर पगार. यातली एक कडी तुटली तरी पगाराच्या खात्यात शून्य.

आता तुझ्याकडं पाहा. पहिली ते आठवीला शिकवायचं तर टीईटी हवीच; २०१० च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेनं ती अट घातली आणि राज्यानं २०१३ पासून परीक्षा सुरू केली. तू अजून टीईटी पास नाहीस. म्हणजे ज्या जागेसाठी अठरा लाख मागतात त्या जागेवर तुझी मान्यता आज निघूच शकत नाही. "मागून पाहू" म्हणणाऱ्याला हे तुझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

"मागून" पाहण्याचा शेवट कुठं होतो तेही आपल्याच विभागानं पाहिलं आहे. २०२५ मध्ये नागपूरचं शालार्थ आयडी प्रकरण बाहेर आलं. बोगस आयडी, मागच्या तारखेच्या मान्यता, आणि अटकेत गेलेले अधिकारी. त्यात नाव आलेल्या शिक्षकांपैकी कितीतरी घरांतून पैसा असाच वावर विकून गेला असणार. त्याआधी टीईटीत गुण वाढवून घेतल्याचा घोटाळा झाला, तेव्हा २०२२ मध्ये साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांचा निकाल परीक्षा परिषदेनं रद्द केला. देणारा यातून सुटत नाही. पैसे परत मागायला कोर्टातही जाता येत नाही, कारण पावती कशाची दाखवणार?

माझ्या ओळखीचा एक मुलगा. दारव्ह्याकडचा, हुशार, बी.एस्सी. बी.एड. संस्थेनं घेतला, पैसे घेतले, सही घेतली. अकरा वर्षं त्यानं विज्ञान शिकवलं, प्रयोगशाळा स्वतःच्या खर्चानं रंगवली. दर जूनमध्ये "यंदा होते" ऐकत राहिला. मग पट घसरला आणि संचमान्यतेत ते पदच उडालं. आज तो शेतीच करतो. माझ्याकडं आला होता तेव्हा म्हणाला, सर, मले कोणी काढलं नाही, मी होतोच नाही तिथं. हजेरीपटावर त्याचं नाव पेन्सिलीनं लिहिलेलं होतं.

म्हणून वडिलांना एवढंच सांग: त्या माणसांना म्हणा, यंदाची संचमान्यता, तपासलेली बिंदुनामावली आणि पोर्टलवरची जाहिरात दाखवा. दाखवत नसतील तर शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. अठरा लाखांच्या सौद्यात दहा रुपयांनी उजेड पडतो. आणि समजा तिन्ही कागद खरे निघाले, तर मग पैसे देण्याचं कारणच उरलं नाही. जाहिरात पोर्टलवर आहे तर तू गुणांवर अर्ज करशील.

"वीस टक्के अनुदान" या शब्दालाही भुलू नका. अनुदान टप्प्याटप्प्यानं वाढतं, वीस, चाळीस, साठ, ऐंशी. एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जायला शिक्षक वर्षानुवर्षं आझाद मैदानात बसतात. वीस टक्क्यांवरचा शिक्षक म्हणजे पगाराचा पाचवा हिस्सा सरकारकडून, बाकी संस्थेच्या मर्जीवर. आणि संस्थेची मर्जी तुम्ही पाहिलीच.

आता मोठा प्रश्न, नोकरी उरली का. उरली आहे. पण ती नळासारखी रोज येत नाही, धरणाचं दार उघडल्यासारखी येते. दार उघडलं त्या दिवशी घागर घेऊन उभं असलेल्यालाच पाणी.

तुझ्या मोठ्या बहिणीच्या वयाच्या मुलींचं काय झालं ते आठव. गल्लोगल्ली डी.एड.ची, म्हणजे आजच्या डी.एल.एड.ची, कॉलेज निघाली होती, बारावीला चांगले गुण पडले की घरचे म्हणायचे डी.एड. कर, दोन वर्षांत चिकटशील. मग २०११ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, शाळांनी कागदावर दाखवलेली लाखो पोरं बाकावर सापडली नाहीत. मे २०१२ मध्ये शिक्षक भरतीच थांबवली. पोर्टल आलं २०१७ मध्ये. त्याच वर्षी डिसेंबरात पहिली अभियोग्यता चाचणी, जिला सगळे टेट म्हणतात. दुसरी थेट २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. तिसरी २०२५ च्या मे-जूनमध्ये. पहिली आणि दुसरीच्या मधल्या पाच वर्षांत किती जणांचं वय गेलं, किती जणींची लग्नं होऊन पुस्तकं माळ्यावर गेली! दुसऱ्या चाचणीला दोन लाखांहून जास्त जण बसले आणि २०२४ मध्ये २१,६७८ पदांची जाहिरात निघाली. हा दरवाजा छोटा नाही. पण त्या वेळी टीईटी हातात नसलेल्यांना तो भिंतीसारखाच होता.

त्यात खेड्यातला पट घसरतो आहे. माझ्या केंद्रातल्या एका शाळेत शेवटच्या वर्षी नऊ पोरं होती, आणि गावातून दोन पिवळ्या गाड्या तालुक्याच्या इंग्रजी शाळेला जायच्या. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. पण १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयात सहावी ते आठवीला पट वीसच्या खाली गेला तर त्या वर्गांना नियमित शिक्षकच मंजूर होणार नाही असं ठरलं. विदर्भातल्या वाड्या, पोड, तांडे यांना ही अट कशी लागेल हे मंत्रालयात बसून दिसत नाही. म्हणून पुढच्या भरतीत जागा किती निघतील याचा कुणी छातीठोक आकडा सांगितला तर त्याच्याकडं हसून पाहा.

दुसऱ्या बाजूला, १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ आहे त्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हावं. त्यामुळे २३ नोव्हेंबरच्या टीईटीला माझ्या हाताखालचे पंचेचाळिशीचे गुरुजी तुझ्या वयाच्या पोरांशेजारी बाकावर बसले होते. यातून जागा मोकळ्या होतील अशी चर्चा पोरांच्या ग्रुपवर फार चालते. दुसऱ्याच्या घराला आग लागण्याची वाट पाहू नये. त्या निकालातून तू एवढंच घे की टीईटीशिवाय आता आत असलेल्याचंही भागत नाही.

बी.एड.चं लवकर सांगतो. आत्ता नको. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पहिली ते पाचवीला बी.एड. चालणार नाही, डी.एल.एड.च हवं. ज्या कागदाला लोक नावं ठेवत होते तोच तुझा कागद त्या दिवशी भारी झाला. शिवाय पदवी अधिक डी.एल.एड. असलेल्याला सहावी ते आठवीसाठीही पात्रता आहे, फक्त टीईटीचा दुसरा पेपर लागतो. तू बी.ए. आहेस, तर सामाजिक शास्त्राचा पर्याय घेऊन दोन्ही पेपर दे. बी.एड. लागतं ते नववी-दहावीला. त्यासाठी दोन वर्षं आणि फी घालण्यापेक्षा तीच दोन वर्षं टीईटी आणि टेटवर घाल. तू गणित-विज्ञानाची असतीस तर कदाचित वेगळं बोललो असतो, कारण माझ्या पाहण्यात त्या विषयांच्या जागांना उमेदवारच कमी पडतात.

चार गुण कमी पडले म्हणून खचू नको. बहुतेक वर्षी टीईटीचा निकाल शंभरात पाचाच्या आसपास किंवा त्याहून खालीच राहिला आहे. तू काठावर आहेस. पहिल्या पेपरात पाच भाग, प्रत्येकी तीस गुण. उत्तरतालिका काढ आणि प्रत्येक भागात किती गेले ते लिही. आपल्याकडच्या पोरांचं बहुतेक इंग्रजीत आणि गणितात जातं, आणि ते अभ्यास करतात मानसशास्त्राचा, कारण तिथं पाठांतर करता येतं. भाषा एक मराठीत अठ्ठावीस पडायला हवेत, मराठी माध्यमातल्या मुलीचे तिथं गुण जाणं मला पटत नाही. आणि केंद्राची सीटीईटीही दे. पवित्रसाठी ती चालते. प्रश्न हिंदी-इंग्रजीत असतात, पण विदर्भातल्या पोराला हिंदीची काय भीती? भाषा म्हणून मराठी निवडता येते. एकदा पास झालीस की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. आधीची सात वर्षांची मुदत २०२१ मध्ये काढून टाकली.

टेट ही वेगळी गोष्ट. दोनशे प्रश्न, दोन तास, त्यातले एकशेवीस अभियोग्यतेचे आणि ऐंशी बुद्धिमत्तेचे. संगणकावर. इथं ज्ञानापेक्षा वेग लागतो. डी.एल.एड.ला पहिली आलेली मुलगी इथं पडते आणि बँकेच्या परीक्षा देणारा पोरगा वर जातो. त्यामुळे बँकेची पुस्तकं घे, घड्याळ लाव. पात्रता टीईटीनं ठरते, क्रमांक टेटनं. जाहिरात येईल तेव्हा अभ्यास करू म्हणणारे मी दर वेळी पाहिले आणि दर वेळी ते पुढच्या वेळी पुन्हा आले.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे एवढं लांब लिहायला बसलो ती. तू एका ओळीत सांगून पुढं गेलीस: आजोबांची शेती बेंबळाच्या बुडितात गेली. बेटा, तुझ्या पत्रातली सगळ्यात महागाची ओळ तीच आहे.

सरकारी भरतीत प्रकल्पग्रस्तांना, म्हणजे धरणासारख्या प्रकल्पात जमीन गेलेल्यांना, पाच टक्के समांतर आरक्षण असतं. समांतर म्हणजे ओबीसीच्या जागांतच काही जागा महिलांना, काही प्रकल्पग्रस्तांना, काही माजी सैनिकांना, खेळाडूंना, अंशकालीन कर्मचाऱ्यांना. जिल्हा परिषदेच्या जाहिरातीत हे रकाने असतात, आणि माझ्या अनुभवात प्रकल्पग्रस्तांचा कट-ऑफ सर्वसाधारण रकान्यापेक्षा खाली लागतो, कधी कधी बराच खाली. लोक अठरा लाख घेऊन फिरतात आणि घरातला हा कागद कुणी काढत नाही. आमच्या भागात बेंबळा, वरती अप्पर वर्धा, तिकडं भंडाऱ्याकडं गोसीखुर्द. वावर गेलं, गाव उठलं, मोबदला केव्हाच संपला. उरला तो हा प्रकल्पग्रस्ताचा दाखला. गोसीखुर्दच्या एका पुनर्वसित गावातली दोन भावंडं माझ्याकडं आली होती, दोघांनाही माहीत नव्हतं की दाखला असतो. धाकटी लागली. थोरल्याला मिळाला नाही, कारण कुटुंबात तो एकालाच वापरता येतो. ही गोष्ट आधी घरात विचार. काका, आत्या, चुलतभाऊ, कुणी तो दाखला आधीच वापरला असेल तर भांडण करण्यापेक्षा आजच कळलेलं बरं.

कागदांचं आणखी थोडं, कारण इथं पोरं अभ्यासाइतकीच मरतात. जात वैधता हातात ठेव, पावती नव्हे. नॉन क्रीमी लेयरच्या दाखल्याची तारीख जाहिरातीत मागितलेल्या मुदतीत बसते का ते प्रत्येक वेळी पाहा. गुणवत्तेनं निवड झालेला एक पोरगा या तारखेपायी तपासणीत बाहेर पडलेला मी पाहिला, आणि त्याचा बाप पंचायत समितीच्या पायरीवर बसून होता. दहावीच्या सनदेवरचं नाव, आधारवरचं नाव, पदवीवरचं नाव एकच असू दे. लग्नाचं जमत असेल तर नाव बदलण्याची घाई करू नको, निदान निवड होईपर्यंत.

पोर्टलवर जिल्ह्यांचा प्राधान्यक्रम भरताना एकटं यवतमाळ धरून बसू नको. राळेगाव, मारेगाव, केळापूर, घाटंजी या तालुक्यांतली अनुसूचित क्षेत्रातली गावं पेसात, म्हणजे आदिवासी भागांसाठीच्या कायद्यात, येतात, तिथल्या शिक्षकांच्या बऱ्याच जागा स्थानिक आदिवासी उमेदवारांच्या आहेत, आणि ते योग्यच आहे. तेवढ्या जागा सोडून तुझ्या प्रवर्गाच्या उरतात किती ते जाहिरातीतच मोज. कोकणात जागा जास्त निघतात, कारण तिकडं लागलेले घाटावरचे आणि आपले शिक्षक बदली घेऊन परततात. रत्नागिरीत आपल्या पुसद-दिग्रसची पोरं आहेत. एकानं मला फोनवर सांगितलं, सर, पाऊस जून ते ऑक्टोबर थांबतच नाही अन् ज्वारीची भाकर मिळत नाही. पण तो खूश आहे. परत यायला किती वर्षं लागतील याचा भरवसा धरू नको. घरचे "पोरीला एवढ्या लांब?" म्हणतील. ते बोलणं आत्ताच उरकून घे, प्राधान्यक्रमाच्या शेवटच्या रात्री नको.

लागलीस तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. प्राथमिकला महिन्याला १६,००० मानधन. २०२३ च्या आधी तर ते सहाच हजार होतं. तीन वर्षांनी वेतनश्रेणी, मूळ वेतन २९,२०० पासून. जुनी पेन्शन नाही, ती नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची गेली. हे आधीच माहीत असलेलं बरं, कारण लग्नाच्या बाजारात शिक्षणसेवकाचा पगार साठ हजार सांगतात.

तोवर काय करायचं? तालुक्याच्या सीबीएसई शाळा आठ-दहा हजारांवर दिवसभर राबवतात, आणि संध्याकाळी अभ्यासाला अंगात त्राण राहत नाही. इंग्रजी सुधारायचं असेल तर एक वर्ष कर, दुसरं नको. मुख्यमंत्र्यांच्या युवा प्रशिक्षण योजनेतून काही पोरं जिल्हा परिषद शाळेत जातात, पदवीधराला दहा हजार. गावातच असेल तर जरूर घे, पण तो अनुभव पवित्रच्या गुणांत मोजला जात नाही. मला विचारशील तर गावात पाचवीच्या पोरांचा नवोदयचा वर्ग काढ. आमच्या केंद्रातली एक मुलगी मंदिराच्या सभामंडपात बावीस पोरांना शिकवायची. फी कापूस विकला की यायची, पण यायची. नवोदयचा पेपर म्हणजे निम्मा बुद्धिमत्तेचाच, त्यामुळे पोरांना शिकवता शिकवता तिचीच टेटची तयारी झाली. आता ती वाशीम जिल्ह्यात आहे.

तर या आठवड्यात संस्थेवाल्यांना नाही म्हणा, आणि वडिलांना घेऊन यवतमाळला कलेक्टर कचेरीत जिल्हा पुनर्वसन अधिकाऱ्याकडं जा. जाण्याआधी आजोबांची पेटी उघड. भूसंपादनाच्या निवाड्याची नक्कल, मोबदल्याची पावती आणि बुडितात गेलेल्या गटाचा जुना सातबारा त्यात असायला पाहिजे. नसला तर बाभूळगावच्या तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून नक्कल निघते. दाखल्याचा अर्ज सकाळीच दे, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नको.